घाम न येणारे मूल

उन्हात राबताना आपण घामाने चिंब होतो. "काय हा घाम!" म्हणून वैतागतो. पण घाम वाळताना अंग गार होते. ज्याला घामच येत नाही, त्याचे काय?

काही मुले अशीच जन्मतात. त्यांच्या कातडीत घामाच्या ग्रंथी फार थोड्या असतात. डोक्याचे केस विरळ असतात. दात उशिरा येतात. तेही मोजके आणि टोकदार. काहींची नखे पातळ व ठिसूळ असतात. ऊन तापले की मूलही तापते. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. अंग ओले केले की उतरतो. तान्ह्या मुलाच्या जिवाला यात धोका असतो.

लोक म्हणतात, "नजर लागली." कोणी म्हणते, "आईनं ग्रहण पाळलं नाही." दोन्ही खोटे. हा दोष वंशातून उतरतो. सिंधमधील एका हिंदू घराण्याची हकिगत डार्विन या शास्त्रज्ञाने १८७५ साली छापली. चार पिढ्यांत दहा पुरुषांना दात थोडे, केस थोडे. उन्हाळ्यात फार हाल. मुलींना त्रास नव्हता, पण त्यांच्या पोटी तसे मुलगे जन्मत. या प्रकारात आईकडून दोष आला, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. कधी घराण्यात कोणाला नसतानाही तो नव्याने उपजतो. मग आईला बोल का लावावा?

अशी लक्षणे दिसली तर मुलाला डॉक्टरांकडे न्या. "एक्टोडर्मल डिस्प्लेजिया तर नाही ना?" असे विचारा. जबड्याचा एक्स-रे काढला की हिरडीत दात आहेत की नाहीत ते कळते. रक्ताची तपासणीही असते.

दोष मुळातून जात नाही. पण सांभाळता येतो. मुलाला सावलीत ठेवा. वरचेवर पाणी पाजा. उन्हाळ्यात ओला सदरा घाला. शाळेत गुरुजींना सांगून ठेवा : याला भर उन्हात कवायत नको. तीन-चार वर्षांच्या मुलालाही दातांची कवळी बसवता येते. मूल वाढेल तशी ती बदलावी लागते. कवळीने त्याला भाकरी चावता येते, नीट बोलता येते.

मात्र प्रत्येक ताप उन्हाचा नसतो. अंग गार करूनही ताप उतरला नाही, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

अशा मुलाची बुद्धी बहुधा इतरांसारखीच असते. त्याला 'बोळक्या' म्हणून चिडवू नका. त्याला हवी सावली, पाणी आणि आपली माया.