लग्नाच्या जुन्या सीडी आणि दोन हजारांचा ड्राइव्ह: घरबसल्या सुरू होणारं काम

लग्नाची, मुंजीची, बारशाची डीव्हीडी घराघरांत पडून आहे. पण लावायची कशात? नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, आणि डीव्हीडी प्लेअर कधीच भंगारात गेला. तुमचं काम इथेच आहे. यूएसबीचा एक्स्टर्नल डीव्हीडी ड्राइव्ह घ्यायचा आणि लोकांच्या डिस्क पेनड्राइव्हवर उतरवून द्यायच्या.

समजा ड्राइव्ह २००० रुपयांना पडला आणि डिस्कमागे तुम्ही १०० रुपये घेतले, तर वीस डिस्कमध्ये त्याचे पैसे सुटले. पेनड्राइव्हचे पैसे वेगळे लावा. मात्र वेळ मोजायला विसरू नका. ४.७ जीबीची भरलेली डीव्हीडी चांगली असेल तर दहा-पंधरा मिनिटांत उतरते, ओरखडे असतील तर तासभरही रखडते. म्हणून दर ठरवण्याआधी घरातल्याच पाच डिस्क करून बघा.

घेताना काय बघायचं? यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच करंट देतो. ड्राइव्ह मध्येच बंद पडत असेल तर पुष्कळदा कारण हेच असतं. केबल थेट लॅपटॉपला लावा, साध्या हबला नको. दुसरं, ‘टीव्हीला चालतो’ या शब्दावर भुलू नका. बहुतेक टीव्ही यूएसबीवर फक्त पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क ओळखतात. काही मोजक्या ड्राइव्हमध्ये टीव्हीसाठी खास सोय असते, तीही सगळ्या टीव्हींवर चालेलच असं नाही. आपल्या धंद्याला ती लागतही नाही, कारण टीव्हीला आपण पेनड्राइव्हच लावणार.

आता महत्त्वाचं. डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइल हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने एमपी४ करून द्या, टीव्हीवर सहसा विनातक्रार चालतात. फाइल ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ पेनड्राइव्ह ती घेत नाही. तिचे दोन भाग करा.

डिस्क पुसताना मऊ कापड मधून कडेकडे न्या, गोल गोल नको. सीडी लेबलच्या बाजूने खरवडली असेल तर हात लावण्याआधीच ग्राहकाला सांगा, कारण डेटाचा थर त्या लेबलच्या लगेच खाली असतो आणि तो गेला की गेला. अहो, त्या डिस्कमध्ये आज हयात नसलेल्या आजीचा आवाज असू शकतो, आणि घरात दुसरी कॉपी नसते! म्हणून डिस्क घेतानाच तिचा मोबाइलवर फोटो काढा, पावतीवर ‘ओरखडे आहेत’ असं लिहून सही घ्या, आणि डिस्क वाचली गेली नाही तर पैसे घेऊ नका.

कुणी सिनेमाच्या डिस्क आणल्या तर सरळ नाही म्हणा. तो कॉपीराइटचा मामला आहे. काम घरगुती चित्रीकरणाचंच घ्या. आणि पेनड्राइव्ह देताना तो ग्राहकाच्या घरच्या टीव्हीला लावून, पुढे-मागे करून, शेवटची पाच मिनिटं नक्की दाखवा.