रात्रपाळी, रुग्णवाहिका आणि सुटलेलं क्रिकेट

प्रश्न : वय २४. खासगी रुग्णवाहिकेवर इमर्जन्सी टेक्निशियन आहे. बारा-बारा तासांच्या पाळ्या. मित्र, क्रिकेट सगळं सुटलं. पुढे काय?

उत्तर : महाराष्ट्रात २०१४पासून चालणाऱ्या १०८ सेवेत गाडीवर डॉक्टर नेमण्याचीच पद्धत, त्यामुळे पॅरामेडिकला वाव कमी, तुमची कुचंबणा खरी आहे. पण २०२१च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र ओळख मिळाली. नुसत्या सर्टिफिकेटवर थांबू नका, पदवी घ्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबणं तुमच्या हातांना पाठ आहे. ते शिकवणं हेही करिअरच.

राहिलं घरचं. पाळी संपल्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर तपासून, स्ट्रेचर पुसून गाडी दुसऱ्याच्या हवाली करता ना? मनातलंही तसंच कुणाच्या तरी कानावर घालत जा. आईला अपघाताचे तपशील नकोत, सहकाऱ्याला चालतील. रात्रपाळीनंतर खिडकीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत. रविवार नाही तर नाही, सुट्टीच्या दिवशी बॅट हातात घ्याच. झोप उडाली, तीच तीच दृश्यं दिसू लागली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.