घरातला एक मोबाईल आणि शाळेचा अभ्यास

सख्यांनो, गटाच्या मीटिंगला तुमच्या पिशवीत जो मोबाईल असतो, तोच बऱ्याच घरांत पोरांच्या अभ्यासाचाही एकमेव मोबाईल. पोरं तो गेमसाठी ओढतात आणि आपण ओरडतो. ओरडा, पण आधी मुलाचं बालभारतीचं पुस्तक उघडा. पहिल्या पानावर आणि धड्यांमध्ये काळा-पांढरा चौकोन दिसेल, दुकानात पैसे द्यायला स्कॅन करतो तसलाच. ‘दीक्षा’ हे मोफत सरकारी अ‍ॅप घेऊन त्यातून तो स्कॅन केला की त्या धड्याचं ऐकायचं-बघायचं साहित्य उघडतं.

पुस्तकात क्यूआर कोड आणायची सुरुवात केली ती सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली!

वर्गात मात्र प्रत्येक मुलाकडे मोबाईल लागत नाही. चार-पाच जणांत एक पुरतो, तोही आठवड्यातून एखाद्या दिवशी, गुरुजी-बाईंच्या देखरेखीखाली. आणि नुसते व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नव्हे. पेणच्या पोरांनी गणपतीच्या कारखान्यात साच्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंत फोटो काढून आणावेत. दिवसाला किती मूर्ती रंगतात, रंगाला खर्च किती, यावर वर्गात गणितं होतात. रोह्याकडे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की कोलाडला कुंडलिका भरून वाहते, नंतर उतरते. मोठ्या माणसासोबत, पुलावरून, एकाच जागेवरून दोन वेळा फोटो घेतले की भूगोलाचा धडा समोर उभा राहतो. काठावर मात्र पोरांना एकटं सोडू नका.

आता घरातली गोष्ट. मोबाईल एक आणि पोरं दोन असली की तो मुलाच्या हातात जातो आणि मुलगी भांड्याला बसते. आपल्याच घरात हे चालतं, बायांनो. वेळ वाटून द्या, आणि मुलीचा तास आधी ठेवा. ग्रामसंघाच्या सभेत हा विषय घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीत ज्या ताई आहेत त्यांनी तो तिथे मांडावा.

मोबाईल शाळेत द्यायच्या आधी बँकेच्या आणि पैशाच्या अ‍ॅपला कुलूप लावा. पिन पोरांना सांगू नका, गटाच्या हप्त्याचे पैसे त्यातूनच जातात. आलेला ओटीपीही कुणाला सांगायचा नाही, हे पोरांना बजावून ठेवा.

ज्या कुटुंबांना दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं असतं, त्यांच्या पोरांचे धडे निघण्याआधीच रेंजच्या जागी ‘दीक्षा’वर डाउनलोड करून द्या. मग भट्टीवर नेट नसलं तरी ते उघडतात. वाडीवरच्या ताईंना हे जमत नसेल, तर गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीला सोबत न्या. अर्ध्या तासाचं काम आहे.