मेण जाळण्याची विजेची भट्टी : घाई म्हणजे नुकसान

आम्ही कापडाचे व्यापारी. रंगाईत उष्णता आणि वेळेचा हिशेब चुकला की थान वाया जाते. दागिन्यांच्या कास्टिंगचेही तसेच आहे. प्रभादेवीत एखादा गाळा घेऊन हे काम करू पाहणाऱ्या तरुणांनी पुढील टप्पे ध्यानात ठेवावेत.

फ्लास्कमध्ये पावडर ओतल्यावर तो तास-दोन तास हलवू नये. मग भट्टीत तोंड खाली करून ठेवावा.

१) 150 अंश सेल्सिअस, 2 तास : मेण वाहून जाते. एकदम तापवल्यास वाफेने साचा तडकतो.

२) 370 अंश, 2 तास : चढ हळू हवा. सुमारे 270 अंशांवर पावडरीतील क्रिस्टोबॅलाइट एकाएकी फुगतो.

३) 730 अंश, 3 तास : उरलेला कोळसा जळतो. 750 च्या वर जाऊ नये. जिप्सम फुटून गंधकाचा वायू निघतो, दागिन्याला छिद्रे पडतात.

४) सोन्यासाठी 550 ते 600 वर उतरवून तासभर ठेवावे, मगच ओतावे.

कंट्रोलरमध्ये प्रत्येक टप्प्याचे तापमान, चढाचा वेग आणि थांबण्याची वेळ भरावी. वीज जाऊन साचा थंड पडला तर तो पुन्हा तापवून वापरू नये. धुरासाठी एक्झॉस्ट हवाच.

सोने गिऱ्हाइकाचे, नुकसान मात्र आपले. म्हणून पावडरीच्या कंपनीचा तक्ता हाच पहिला उस्ताद मानावा.