ठिपक्याला ठिपका, तरीही फटाके

ओहायोत राहायला आल्यापासून १९७८चा एक शेव्हरोले पिकअप बाळगून आहे. आठ सिलिंडरांचं ३५० क्युबिक इंची इंजिन, म्हणजे आपल्या हिशेबात ५.७ लिटर. त्याची टायमिंग चेन मी घरीच बदलली, आणि तेव्हापासून आसपासचे हौशी लोक ‘चेन नवी घातली, आता गाडी धड चालेना’ म्हणत येतात. त्यांना सांगतो तेच इथे.

१. पुढचं कव्हर लगेच पुन्हा उघडू नका. क्रँकच्या गिअरचा ठिपका वर आणि कॅमच्या गिअरचा खाली, असे समोरासमोर आणले असतील तर चेन बहुतेक बरोबरच बसलेली असते. आधी डिस्ट्रिब्युटर तपासा.

२. ठिपके असे समोरासमोर आले की एक नंबरचा पिस्टन वर असतो खरा, पण ठिणगीची पाळी असते सहा नंबरची! क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते, त्यामुळे एक नंबरचा पिस्टन दर चक्रात दोनदा वर येतो: एकदा मिश्रण दाबत, एकदा धूर बाहेर ढकलत. ठिपके बघून रोटर एक नंबरकडे वळवला की ठिणगी भलत्याच फेरीत पडते. सेल्फ मारला की कार्ब्युरेटरमधून फटाके, आणि नाव चेनचं. खात्रीसाठी एक नंबरचा प्लग काढा, भोकावर बोट धरा आणि पान्याने क्रँक फिरवा. आतली हवा बोट उडवू लागली की फेरी बरोबर. तिथून पुलीची खूण शून्यावर आणा, मग रोटर बघा.

३. डिस्ट्रिब्युटरच्या गिअरचे दाते तिरपे असतात. तो खाली उतरताना रोटर थोडा फिरतोच, तेवढं धरून चाला. पूर्ण बसत नसेल तर ठोकू मात्र नका. खालच्या ऑइल पंपाच्या दांड्याची खाच जुळलेली नसते. लांब स्क्रू ड्रायव्हरने दांडा किंचित फिरवला की काम होतं.

४. वायरींचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पाच आणि सात शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटवून नेल्या तर पाचची ठिणगी सातकडे चुगली करते.

५. पुलीवरची खूणही खोटं बोलते. तिचं बाहेरचं कडं रबरावर बसवलेलं असतं. रबर म्हातारं झालं की कडं सरकतं. मग लाइट ८ अंश दाखवते आणि इंजिन भलतीकडेच चालत असतं. बॅटरीची वायर काढा, प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप घाला, क्रँक हाताने हळूच दोन्ही दिशांनी टेकवून दोन खुणा करा. त्यांच्या बरोबर मधोमध खरं शून्य.

६. टायमिंग लाइट लावताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. किती अंश ठेवायचे ते बोनेटखालच्या स्टिकरवर असतं. कानाने टायमिंग लावणाऱ्या उस्तादांना माझा नमस्कार, पण मी लाइटच वापरतो.

७. एवढं करूनही गाडी चढावर दम टाकत असेल तर कव्हर उघडा. काही सेटमधल्या क्रँक गिअरला तीन खाचा असतात: एक सरळ, एक ४ अंश पुढे, एक ४ अंश मागे. कोणती वापरली ते पाहा. आणि जुन्या कॅम गिअरचे नायलॉनचे दाते तुटलेले निघाले असतील तर ऑइल चेंबरही उतरवा. ते तुकडे पंपाच्या जाळीत जाऊन बसतात.