गोल करणारा आणि गोल करविणारा

मिडल्सब्रो हे इंग्लंडच्या ईशान्य भागातील एक औद्योगिक शहर. तेथे १९३५ साली ब्रायन क्लफ याचा जन्म झाला. घरात भावंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. शाळेच्या परीक्षेत ब्रायनला यश लाभले नाही; परंतु फुटबॉलच्या मैदानावर त्याची बरोबरी करणारे थोडेच होते. पुढे तो धंदेवाईक खेळाडू झाला. आघाडीला खेळून त्याने इंग्लंडच्या साखळी स्पर्धेतील २७४ सामन्यांत २५१ गोल केले.

२६ डिसेंबर १९६२ चा दिवस. थंडीने मैदान गोठून टणक झाले होते. संडरलँड संघाकडून खेळणारा ब्रायन चेंडूमागे धावला आणि प्रतिपक्षाच्या गोलरक्षकावर जोराने आदळला. गुडघ्यातील हाडांना जोडणारे बंध तुटले. त्या वेळी तो अवघा २७ वर्षांचा होता. पुन्हा खेळण्याची त्याने शिकस्त केली. पण गेलेली चपळाई परत आली नाही.

ज्या एका गुणावर आयुष्य उभारले, तोच नाहीसा झाला, तर माणसाने काय करावे?

१९६५ साली ब्रायन हार्टलपूल्स युनायटेड या चौथ्या श्रेणीतील दुबळ्या संघाचा व्यवस्थापक झाला. खेळाडू निवडावेत, त्यांच्याकडून सराव करवून घ्यावा, डावपेच आखावेत, हे व्यवस्थापकाचे काम. परंतु संघाच्या तिजोरीत खडखडाट! तेव्हा ब्रायनने संघाची बस चालविण्याचा परवानाही मिळविला. मिडल्सब्रो संघातील त्याचा जुना सोबती, गोलरक्षक पीटर टेलर, मदतीला होता. टेलरला खेळाडूंची अचूक पारख होती. त्यांच्या मनात विश्वास जागविणे ब्रायनला साधत असे.

पुढे दुसऱ्या श्रेणीतील डर्बी काउंटी संघाला त्यांनी वर आणले आणि १९७२ साली तो संघ इंग्लंडचा अजिंक्य संघ ठरला. १९७५ साली ब्रायन नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघाकडे आला. तेथे जॉन रॉबर्टसन नावाचा एक खेळाडू मागे पडला होता. अंगाने स्थूल, चालीने मंद, वेशाने गबाळा! परंतु त्याच्या पायांतील कसब या दोघांनी ओळखले. १९७९ साली म्युनिक येथे युरोपियन चषकाचा अंतिम सामना झाला. रॉबर्टसनने डाव्या बाजूने चेंडू उचलून दिला आणि ट्रेव्हर फ्रान्सिसने डोक्याने गोल केला. पुढल्या वर्षी माद्रिद येथील अंतिम सामन्यातील एकमेव गोल तर रॉबर्टसनचाच! दोन्ही वर्षी चषक फॉरेस्टने जिंकला.

ब्रायनची जीभ फटकळ होती. तिने अनेक जण दुखावले. १९९३ साली तो निवृत्त झाला, तेव्हा फॉरेस्ट संघही खालच्या श्रेणीत उतरला होता. २००४ साली तो निवर्तला.

मुलांनो, गोल करण्याची शक्ती ब्रायनने एका अपघातात गमावली. इतरांकडून गोल करवून घेण्याची शक्ती मात्र त्याने परिश्रमाने मिळविली.