थंडीत इंजन का उठत नाही?

येळवस झाली, की आपल्या धाराशिव जिल्ह्यात गारठा वाढतो. कळंब, वाशी, भूम या बालाघाटाच्या माळावर तर पहाटे हातपाय आखडतात. माणूस शेकोटीजवळून हलत नाही. गोठ्यातली गुरं अंग चोरून उभी राहतात. आणि मळ्यातलं जुनं इंजनही लवकर उठत नाही!

"काल संध्याकाळी तर चांगलं चालत होतं. रातीतून काय झालं?" असं आपण म्हणतो. मग कुणी हँडल मारून मारून दमतो. कुणी ट्रॅक्टरखाली पाचट पेटवतो. पण कारण समजलं, तर एवढा खटाटोप लागत नाही. आज आपण ते कारण पाहू.

आमची चूक

आधी आमचीच गोष्ट सांगतो. चाळीसेक वर्षं झाली. आम्ही नुकतेच शाळेवर मास्तर म्हणून लागलो होतो. शाळू पोटरीत होता. पाणी द्यायचंच होतं. भल्या पहाटे धाकटे बंधू विहिरीवर गेले. थोड्या वेळानं परत आले.

"दादा, इंजनाला थंडी भरलीय. उठंना."

आम्ही म्हणालो, "थंडी इंजनाला नाही, तुला भरलीय. जोर लाव जरा!"

बंधूंनी रागानं जोर लावला. चाकाला वेग येण्याआधीच वरची दांडी पाडली. इंजन उलटं फिरलं. हँडल हातावर बसलं आणि मनगट मोडलं. दीड महिना हात गळ्यात होता.

नंतर मिस्त्री आले. ते म्हणाले, "गुरुजी, हे काम जोराचं नाही. ऊब द्या आणि दम धरा." हे शब्द आम्ही कधी विसरलो नाही.

डिझेल पेटतं कसं?

सायकलीत हवा भरताना पंपाच्या बुडाला हात लावून पाहा. ते तापलेलं असतं. हवा दाबली, की ती तापते. डिझेलचं इंजन याच गुणावर चालतं.

इंजनात एक नळकांडं असतं. त्यात दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्या वर येताना आतली हवा दाबतो. सोळा घागरी हवा एका घागरीत कोंबावी, इतका तो दाब असतो. त्यामुळं हवा ५०० अंशांच्याही वर तापते. पाणी तर १०० अंशांवर उकळतं. यावरून ती उष्णता किती, ते समजेल. अशा तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडला, की ते आपोआप पेटतं. त्याला काडी लागत नाही, ठिणगीही लागत नाही.

हे इंजन रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसानं बनवलं. १८९७ साली ते नीट चालून दिसलं. आपण तेलाला डिझेल म्हणतो, ते त्या माणसाचं नाव आहे. आपल्याकडं १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिची इंजनं पुढं गावोगावच्या विहिरींवर आली. मोटेचे बैल सुटले.

थंडी काय करते?

थंडी तीन गोष्टी करते.

पहिली गोष्ट. रातभर लोखंड गार पडतं. दाबलेल्या हवेची ऊब ते शोषून घेतं. मग डिझेल पेटत नाही. नुसता पांढरा धूर येतो. डिझेल आत पोचतं आहे, पण पेटत नाही, असा त्या धुराचा अर्थ.

दुसरी गोष्ट. ऑइल घट्ट होतं. थंडीत काकवी कशी संथ ओघळते? तसंच ते. चाक जड जातं आणि पुरेसा वेग येत नाही.

तिसरी गोष्ट. बॅटरीची ताकद कमी होते. म्हणून सेल्फ नुसता कण्हतो.

जुन्या इंजनाला त्रास जास्त होतो. त्याच्या रिंगा झिजलेल्या असतात. दाबलेली हवा त्यांच्या बाजूनं निसटते. मग ती पुरती तापत नाही.

आपण काय करावं?

हँडलचं इंजन असेल, तर हेडवरची छोटी दांडी उचलावी. ती उचलली, की आतली हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. दहा-वीस फेरे सावकाश फिरवावं. त्यानं ऑइल सगळीकडं पोचतं. मग वेग वाढवावा. चाक जोरात फिरू लागलं, की मगच दांडी पाडावी. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवावा. मूठ आवळू नये. म्हणजे इंजन उलटलं, तरी हात सुटतो.

पाण्यावर थंड होणारं इंजन असेल, तर गार पाणी काढून कोमट पाणी घालावं. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम असावं. उकळतं पाणी घालू नये. गार लोखंड त्यानं तडकतं. रेडिएटरमध्ये कुलंट घातलेलं असेल, तर हा उपाय करू नये.

ट्रॅक्टरला हीटर असेल, तर आधी तो पुस्तिकेत सांगितला असेल तितका वेळ लावावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरते, ती वेळच्या वेळी साफ करावी.

इंजन उठलं, की लगेच कामाला जुंपू नये. तीन-चार मिनिटं मोकळं चालू द्यावं.

हे मात्र करू नका

इंजनाखाली जाळ करू नका. तिथं ऑइल आणि डिझेल गळलेलं असतं. ट्रॅक्टरसकट गोठा पेटेल.

हवा आत जाते, तिथं पेट्रोलचा बोळा धरू नका. पेट्रोल भलत्या वेळी भडकतं. इंजन उलटतं आणि आतला दांडाही मोडतो.

खाली उभं राहून सेल्फच्या तारा जोडू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला, तर तो अंगावरूनच जातो. सीटवर बसावं, गिअर मोकळा करावा आणि मगच सेल्फ मारावा. आपण ट्रॅक्टर उतारावर लावतो. तेव्हा चाकाला मोठा धोंडा लावावा. पोराबाळांना दूर ठेवावं.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. पौषाच्या रात्री पाणी धरताना थंडी वाजते. खोपीत इंजन चालू असतं. ऊब बरी वाटते, म्हणून काही लोक दार लावून तिथंच निजतात. असं कधीही करू नका! इंजनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. तो दिसत नाही. त्याला वासही नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवली, तरी तेच होतं.

डब्यावरचं अक्षर वाचा

ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असं काही लिहिलेलं असतं. डब्ल्यू हे इंग्रजी अक्षर आहे. इंग्रजीत हिवाळ्याला ‘विंटर’ म्हणतात. त्या शब्दाचं हे पहिलं अक्षर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. पुस्तिकेत कोणतं ऑइल लिहिलं आहे, ते पाहावं. दुकानात डबा हातात घेऊन तेच आहे ना, हे वाचून घ्यावं. आता आपल्याला वाचता येतं. "द्या कुठलंही," असं म्हणायचं कारण उरलं नाही.

काही जण म्हणतात, "डिझेलच गोठलं असंल." आपल्याकडं सहसा तसं होत नाही. तिकडं लडाखमध्ये मात्र होतं. तिथं डिझेलमधलं मेण घट्ट होतं आणि गाडी जागीच अडते. म्हणून २०१९ साली इंडियन ऑइल कंपनीनं तिथल्यासाठी वेगळं डिझेल काढलं. ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. एवढ्या थंडीत तिथले लोक गाड्या चालवतात. मग आपल्या गारठ्याला आपण का हरावं?

आमचे बंधू आजही मळ्यात जातात. त्यांचं मनगट थंडीत दुखतं. दुखलं, की ते आमच्याकडं पाहून हसतात. आम्ही मान खाली घालतो.

आठवून सांगा

१. सायकलीचा पंप का तापतो?
२. पांढरा धूर आला, तर काय समजावं?
३. हँडल धरताना अंगठा कुठं ठेवावा?
४. इंजन चालू असताना खोपीत दार लावून का निजू नये?
५. आपल्या घरातल्या ऑइलच्या डब्यावरचा आकडा वाचा आणि वहीत लिहून आणा.